जीएसटी पोर्टलचे बदल: आधी कळणे हा व्यापाऱ्याचा हक्क आहे

१० जानेवारी २०२५. डिसेंबर महिन्याचे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचे विवरण, भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि जीएसटीचे पोर्टल बंद होते. तांत्रिक अडचण आहे, दुपारपर्यंत काम सुरू होईल, मुदतवाढीचा विचार व्हावा म्हणून केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला अहवाल पाठवत आहोत, असे जीएसटी नेटवर्कने, म्हणजे पोर्टल चालवणाऱ्या कंपनीने, समाजमाध्यमावर कळवले. पुढे मुदत ११ वरून १३ जानेवारीवर गेली आणि कराचा भरणा करण्याच्या ३-बी या रिटर्नची २० वरून २२ वर. देशभरातल्या अकाउंटंटांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि विषय तिथेच संपला.

तो तिथे संपायला नको होता. दोन दिवस जास्त मिळाले हे खरे. पण ते मिळतील की नाही, हे कर भरणाऱ्याला शेवटच्या घटकेपर्यंत माहीत नव्हते. ज्यांनी रात्र जागून, पान परत परत उघडून कसेबसे रिटर्न चढवले, त्यांच्या त्या रात्रीचा हिशेब कुणी धरला नाही. आणि मुख्य म्हणजे, नेमके काय बिघडले होते, ते पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, याचे सविस्तर निवेदन ज्यांच्यावर ते पोर्टल वापरण्याची सक्ती आहे त्यांच्या हाती आले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या संगणकीय व्यवस्थेवाचून देशात कायदेशीर धंदा करता येत नाही, त्या व्यवस्थेत कोणता बदल कधी येणार, त्याचा अंतिम आराखडा काय, तो आधी कुठे तपासून पाहायचा, आणि आज तिच्यात कोणते दोष आहेत ही माहिती म्हणजे त्या व्यवस्थेचाच अर्धा भाग आहे. सर्व्हर चालू ठेवणे जितके बंधनकारक, तितकीच ही माहिती वेळेवर देणे बंधनकारक हवे. आज ती सोयीने दिली जाते. ती नियमाने द्यायला हवी.

हा आग्रह का, हे समजण्यासाठी जीएसटीचे पोर्टल इतर सरकारी संकेतस्थळांपेक्षा वेगळे कसे आहे ते पाहावे लागेल. आयकराचे विवरण मी भरले नाही तर माझे नुकसान होते, शेजाऱ्याचे होत नाही. जीएसटीत तसे नाही. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच तरतूद आहे की विकणाऱ्याने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये बिल दाखवले आणि ते घेणाऱ्याच्या २-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या यादीत, उतरले, तरच घेणाऱ्याला त्या कराचे क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळेल. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचे सॉफ्टवेअर नव्या नमुन्याशी जुळले नाही, त्याचे रिटर्न अडले, तर सुरतेच्या पार्टीचे क्रेडिट त्या महिन्यात अडते. सुरतेच्या पार्टीला तेवढी रक्कम खिशातून भरावी लागते, आणि मग ती इचलकरंजीचे पेमेंट थांबवते. ‘बिल टू-बीत दिसत नाही, आधी ते बघा’ हे वाक्य आज कुठल्याही मार्केट यार्डात ऐकू येते. दीड कोटींहून अधिक नोंदणीकृत करदाते एकमेकांना असे जोडलेले आहेत. एका ठिकाणी धक्का बसला की तो रांगेत शेवटपर्यंत जातो.

आता नमुन्यातला एक रकाना बदलला तर काय काय घडावे लागते ते बघा. नेटवर्क डेटाचा नवा साचा ठरवते. सुविधा पुरवठादार, ज्यांना धंद्यात जीएसपी म्हणतात, ते आपली जोडणी बदलतात. मग हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या, मोठ्याही आणि गावोगावच्याही, आपापली नवी आवृत्ती काढतात. ती विक्रेत्यांमार्फत दुकानात पोचते. मग अकाउंटंटने शिकायचे, बिल फाडणाऱ्या मुलाला शिकवायचे, आणि मागच्या महिन्याचा माल नव्या रकान्यात बसवायचा. मोठ्या कारखान्यात यासाठी वेगळा विभाग असतो. तालुक्याच्या गावी एकच माणूस असतो. त्यानेच सॉफ्टवेअर विकलेले, तोच वर्षाच्या देखभालीचे पैसे घेतो, आणि शे-दीडशे दुकाने तोच सांभाळतो. प्रत्येक पायरीला थोडे दिवस लागतात. वरून दिलेली मुदत चार आठवड्यांची असेल, तर या शेवटच्या माणसाच्या वाट्याला चार दिवस येतात. घाईचा सगळा भार उतरंडीने खाली येतो आणि सर्वांत लहानावर पडतो. कुणी मुद्दाम असे करते असे नाही, पण दरवेळी असेच होते.

सुरुवातीच्या वर्षांची कथा पुष्कळांना आठवत असेल. १ जुलै २०१७ ला कर लागू झाला तेव्हा जीएसटीआर-१, २ आणि ३ अशी साखळी ठरली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या, गुवाहाटीच्या बैठकीत २ आणि ३ बाजूला ठेवले गेले. तात्पुरता म्हणून आणलेला ३-बी आजही चालू आहे. १ फेब्रुवारी २०१८ ला मालवाहतुकीसाठी पोर्टलवरून काढायचे ई-वे बिल सक्तीचे झाले, त्याच दिवशी पोर्टलला भार सोसवला नाही आणि त्याच दिवशी सक्ती मागे घ्यावी लागली. १ एप्रिलपासून आधी आंतरराज्य वाहतूक, मग राज्यांतर्गत वाहतूक टप्प्याटप्प्याने, असे केल्यावर ते रुळले. त्याच फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या याचिकेवर कडक शब्दांत सांगितले, की पोर्टलवर पोचताच येत नसेल तर या करप्रणालीच्या गाजावाजाला अर्थ नाही.

नवी व्यवस्था, प्रचंड देश, म्हणून पहिल्या वर्षाला सूट देता येईल. पण नंतरचे एक उदाहरण मला जास्त सलते, कारण त्याची चर्चा कमी झाली. २०१८-१९ मध्ये सहज, सुगम आणि आरईटी-१ अशी पूर्णपणे नवी रिटर्ने जाहीर झाली. त्यांचे परिशिष्टांसह नमुने निघाले, ऑफलाइन साधन चाचणीसाठी उपलब्ध झाले. एप्रिल २०२० पासून लागू होणार म्हणून सांगितले गेले, मग ऑक्टोबर २०२०, आणि अखेर त्या ऑक्टोबरमध्ये ठरले की जुन्याच रिटर्नांत सुधारणा करत पुढे जायचे. निर्णय कदाचित योग्यच होता. पण मधल्या काळात ज्यांनी सरकारच्या तारखेवर विश्वास ठेवून सॉफ्टवेअर लिहिले, कर्मचारी नेमले, शिबिरे घेतली, त्यांचे श्रम पाण्यात गेले. आणि जे गप्प बसून ‘होईल तेव्हा बघू’ म्हणाले, ते शहाणे ठरले.

इथेच खरी हानी होते. तारीख पाळली जात नाही हे लोकांनी एकदा हेरले, की पुढची तारीखही कुणी गांभीर्याने घेत नाही. मग शेवटच्या आठवड्यात झुंबड उडते, झुंबडीने पोर्टल बसते, पोर्टल बसले म्हणून मुदत वाढते, आणि मुदत वाढते म्हणून पुढच्या वेळी पुन्हा कुणी तयारी करत नाही. व्यापारी आळशी आहेत, सगळे शेवटच्या दिवशी करतात, अशी तक्रार अधिकारी करतात. ती सवय त्यांना कुणी लावली, हेही बघितले पाहिजे.

अलीकडचे प्रकार याच वळणाचे आहेत. जीएसटीआर-१ च्या बाराव्या तक्त्यात मालाचा एचएसएन कोड, म्हणजे वर्गीकरणाचा क्रमांक, हाताने न टाकता यादीतूनच निवडायचा, आणि नोंदणीकृत व बिगरनोंदणीकृत ग्राहकांची विक्री वेगवेगळी दाखवायची, हा बदल तसा चांगला. पण २०२५ च्या सुरुवातीला येणार म्हणून सांगितलेला हा बदल पुढे सरकत सरकत मे २०२५ च्या रिटर्नपासून आला. ३-बीमधली आपोआप आलेली कराची रक्कम बदलता येणार नाही, ती कुलूपबंद राहील, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०२५ हा मुहूर्त सांगितला गेला. तोच जानेवारी संपत आला असताना ते पुढे ढकलल्याचे कळले. शेवटी जून २०२५ मध्ये सांगितले की जुलैच्या रिटर्नपासून. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल, जुने झाले की नोंदवता येणार नाही, त्याला सात दिवसांची मर्यादा, हे १ मे २०२३ पासून लागू होईल असे त्याच एप्रिलमध्ये सांगितले. मग तीन महिने पुढे. शेवटी आले ते सात नव्हे, तीस दिवस, आणि १ नोव्हेंबरपासून.

पुढे ढकलणे वाईट आहे असे मी म्हणत नाही. तयारी नसेल तर ढकललेच पाहिजे. माझा आक्षेप ढकलण्याच्या वेळेला आहे. पुढे ढकलणे हीसुद्धा एक घोषणा आहे, आणि तिलाही मुदत असली पाहिजे. तारीख उजाडल्यावर, किंवा तोंडावर आल्यावर ती रद्द झाली, तर सर्वांत जास्त शिक्षा होते ती ज्याने वेळेत काम केले त्याला. त्याने नवी आवृत्ती ग्राहकांकडे बसवूनही टाकलेली असते, आणि आता ती काढून जुनी घालायची असते.

बदल मामुली असला तरी खालच्या टोकाला तो कसा दिसतो याचाही विचार हवा. डिसेंबर २०२४ च्या मध्यावर सूचना आली, की १ जानेवारीपासून वीस कोटींवरच्या उलाढालीला ई-वे बिलासाठी दुहेरी पडताळणी सक्तीची, फेब्रुवारीपासून पाच कोटींवर, एप्रिलपासून सर्वांना. सुरक्षेसाठी हे हवेच होते आणि टप्पेही योग्य होते. पण पहिल्या टप्प्याला मिळाले जेमतेम दोन आठवडे, तेही नाताळ आणि वर्षअखेरीच्या गर्दीत. भिवंडीच्या गोदामात रात्री ट्रक भरला जातो तेव्हा ई-वे बिल काढणारा कारकून तिथे असतो, आणि ओटीपी येतो तो नोंदणी करताना दिलेल्या नंबरवर, म्हणजे बहुधा घरी झोपलेल्या मालकाच्या किंवा शहरातल्या सल्लागाराच्या मोबाइलवर. उपाय होता: कारकुनाच्या नावाने वेगळा वापरकर्ता तयार करायचा. पाच मिनिटांचे काम. पण ते काम आहे हे त्या गोदामापर्यंत पोचायला दोन आठवडे पुरत नाहीत.

हेच नेटवर्क उत्तम कामही करते, आणि ते सांगितले नाही तर अन्याय होईल. ई-इनव्हॉइसचा विस्तार पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्या, जानेवारी २०२१ मध्ये शंभर कोटी, एप्रिलमध्ये पन्नास, मग एप्रिल २०२२ मध्ये वीस, त्या ऑक्टोबरमध्ये दहा, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटी. ज्यांच्याकडे माणसे आणि पैसा आहे त्यांच्यावर आधी प्रयोग, त्यांच्या अनुभवातून साचा पक्का, मग खालच्यांना हात. चाचणीसाठी सँडबॉक्स, म्हणजे खोटी बिले टाकून पाहायचे पोर्टल, खुला होता, साचा जाहीर होता, आणि पहिल्या महिन्यातल्या चुकांना सवलत होती. बघता बघता ही व्यवस्था देशभर बसली आणि तिच्याविषयी फारशी ओरड झाली नाही. म्हणजे कसे करायचे हे माहीत आहे. दरवेळी तसे करण्याचे बंधन मात्र नाही.

बंधन असले की काय होते हे मुंबईतच दिसते. शेअर बाजारात सौदा झाल्यावर पैसे आणि शेअर्स दुसऱ्याच दिवशी हातात पडण्याची पद्धत आपण आणली, ती अनेक मोठ्या देशांच्या आधी. सेबीने सप्टेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. दोन महिन्यांत बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरी यांनी एकत्र बसून संपूर्ण वेळापत्रक एकदाच जाहीर केले. २५ फेब्रुवारी २०२२ ला बाजारमूल्याने सर्वांत लहान शंभर कंपन्यांपासून सुरुवात, मार्चपासून दर महिन्याला पुढच्या पाचशे, आणि सर्वांत मोठ्या कंपन्या २७ जानेवारी २०२३ ला. परदेशी गुंतवणूकदारांनी वेळेच्या फरकाची तक्रार केली, तर त्यांचा जास्त व्यवहार असलेले शेअर शेवटी होते, म्हणून त्यांनाही अवधी मिळाला. जाहीर झालेल्या तारखांना ते काम झाले. शिवाय दलालांना आपले सॉफ्टवेअर तपासता यावे म्हणून बाजार शनिवारी लुटुपुटीचे सौदे घडवून आणतात. तिथेही बिघाड होतात. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार दुपारआधी थांबला तो पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाला आणि त्या दिवशी व्यवहार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावे लागले. पण बाजाराच्या मागे जाब विचारणारा नियामक आहे. जीएसटी नेटवर्कला जाब विचारायचा तर व्यापाऱ्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.

ती पायरी चढलेल्यांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. जुन्या करपद्धतीतले शिल्लक क्रेडिट नव्यात आणण्यासाठी ट्रान-१ हा फॉर्म होता. पोर्टलच्या अडचणींमुळे हजारोंचा तो राहून गेला. एप्रिल २०१८ मध्ये तक्रार निवारणाची यंत्रणा झाली, पण प्रयत्न केला होता याचा पुरावा व्यापाऱ्यानेच द्यायचा होता. पडद्याचे फोटो काढून ठेवण्याची सवय आपल्याकडच्या अकाउंटंटांना तेव्हा लागली, ती आजही आहे. अखेर जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोर्टल पुन्हा उघडायला लावले, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये ते उघडले. स्वतःच्याच पैशासाठी पाच वर्षे. दोषांची जाहीर नोंदवही असती, म्हणजे ‘अमुक तारखांना या फॉर्ममध्ये अमुक अडचण होती’ असे नेटवर्कने स्वतः लिहून ठेवले असते, तर त्या व्यापाऱ्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करत फिरावे लागले नसते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पोर्टल हे केवळ साहाय्यक आहे. करदात्याने आपल्या वह्यांवरून स्वतः कर काढायचा, पोर्टलवर काही दिसत नव्हते ही सबब चालणार नाही. त्या वेळच्या रिटर्नपुरते हे समजू शकते. पण ३-बीतला आकडा कुलूपबंद झाल्यावर पोर्टल केवळ साहाय्यक कसे राहील? वहीत काहीही असो, कराचा आकडा आता पोर्टल सांगते, आणि तो चुकला तर आधी जीएसटीआर-१ए मध्ये दुरुस्ती करून मगच पुढे जाता येते. कुलपाआधी ही दुरुस्तीची सोय ऑगस्ट २०२४ मध्येच दिली, हा क्रम बरोबर होता. पण ज्या दिवशी आकडा ठरवण्याचा अधिकार यंत्राकडे गेला, त्या दिवशी जबाबदारीही त्याच्याबरोबर जायला हवी होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाविरुद्ध केंद्रीय मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. लिहिण्यातल्या किंवा बेरजेतल्या चुका दुरुस्त करणे हा धंदा करण्याच्या अधिकाराचा भाग आहे, आणि सॉफ्टवेअरची मर्यादा ही ते नाकारायची सबब होऊ शकत नाही, कारण सॉफ्टवेअर बदलता येते, असे न्यायालयाने म्हटले. मला वाटते, या विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे सॉफ्टवेअर कसे आणि कधी बदलायचे याचाच नियम करणे.

याला विरोध होईल, आणि त्यातले दोन मुद्दे वजनदार आहेत. पहिला चोरीचा. खोट्या बिलांच्या टोळ्या कोट्यवधींचे क्रेडिट लाटतात, त्यांना तीन महिने आधी सांगून कुलूप लावायचे का? नाही. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती रातोरात व्हावी, तिला कुणी मुदत मागू नये. फक्त ती का केली हे नंतर लिहून जाहीर करावे. पण वर सांगितलेले बदल तसे नव्हते. एचएसएनची यादी, आकड्याचे कुलूप, ओटीपी, या सगळ्यांची चर्चा महिनोन् महिने चालू होती. ज्याचा विचार करायला सरकारला वर्ष लागले, त्याची तयारी करायला दुकानदाराला तीन आठवडे पुरतात असे मानणे न्याय्य नाही.

दुसरा मुद्दा दरांचा. दर कमी होणार हे फार आधी सांगितले तर खरेदी थंडावते. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी सुधारणांची घोषणा केली आणि त्यानंतर गाड्या, टीव्ही, एसी घेणारे थांबले, हे सर्वांनी पाहिले. कौन्सिलचा निर्णय ३ सप्टेंबरला, अंमल २२ सप्टेंबरला. एकोणीस दिवस. तरीही हे तुलनेने बरे पार पडले. बारा टक्क्यांचा माल बहुतांशी पाचवर आला, अठ्ठावीसचा बहुतांशी अठरावर, काही मोजका चाळीसवर, आणि बिलाच्या साच्यात यासाठी जागा आधीच होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना यातला फरक चटकन कळतो: आकडा बदलणे वेगळे, आणि आकडा लिहायची चौकट बदलणे वेगळे. दर रात्रीतून बदलता येतो. चौकट बदलली की प्रत्येकाला प्रोग्राम पुन्हा लिहावा लागतो, तपासावा लागतो, पोचवावा लागतो. त्याच सप्टेंबरमध्ये औषधांच्या बाबतीत सरकारने कंपन्यांना सांगितले, की बाजारातला माल परत बोलावून नवी लेबले लावायची गरज नाही. नवे दरपत्रक दुकानदारांना पोचवा आणि ग्राहकाकडून नवी किंमत घ्या. खालच्या टोकाला काय शक्य आहे याचा विचार करून काढलेली ही सूचना होती. हाच विचार पोर्टलच्या बदलांना लावावा, एवढेच मागणे आहे.

लहान व्यापारी सूचना वाचतच नाही, मग आधी देऊन काय उपयोग, असेही म्हटले जाते. त्याने वाचावी अशी अपेक्षाच नाही. त्याचे सॉफ्टवेअर लिहिणारा वाचतो, त्याचा सल्लागार वाचतो. त्यांना वेळ मिळाला की दुकानदाराला न वाचताही चालते. हां, सूचनेची भाषा मात्र सुधारायला हवी. आज ती निघते इंग्रजीत, कलमांच्या आकड्यांनी भरलेली. ‘तुमच्या बिलात हे बदलेल, या तारखेपासून, आणि तुम्हाला हे करावे लागेल’ अशा तीन ओळी मराठीत, गुजरातीत, तमिळमध्ये सोबत द्यायला अवघड काही नाही.

मग नियम कसा असावा? माझ्या मते रिटर्नच्या, बिलाच्या किंवा ई-वे बिलाच्या साच्यातला कोणताही बदल सक्तीचा होण्याआधी किमान नव्वद दिवस असावेत, आणि ते दिवस अधिसूचनेपासून नव्हे, अंतिम साचा जाहीर होऊन चाचणीचे पोर्टल खुले झाल्याच्या दिवसापासून मोजावेत. हे महत्त्वाचे आहे, कारण आज कागदावरची तारीख आधी येते आणि तपासायची जागा मागाहून. साचा मध्येच बदलला तर मोजणी पुन्हा सुरू. पुढे ढकलायचे असेल तर तीस दिवस आधी सांगावे. महिन्याच्या १० ते २४ तारखांमध्ये, जेव्हा ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३-बी आणि आपल्याकडच्या तिमाहीवाल्यांची २२ असते, पोर्टलवर नवे काही चढवू नये. भार विभागावा म्हणून २०२० मध्ये सरकारनेच या तारखा राज्यांप्रमाणे मागेपुढे केल्या, त्यामागचे तर्कशास्त्र बदलांनाही लागू आहे. ज्ञात दोषांची यादी रोज अद्ययावत होऊन सर्वांना दिसावी: दोष काय, कुणाला लागू, तोवर काय करायचे, दुरुस्त कधी झाला. आणि शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल ठरावीक तासांपेक्षा जास्त बंद राहिले, तर मुदत नियमानेच पुढे जावी. दिल्लीतून अधिसूचना कधी निघते याची वाट बघत देशभरच्या कचेऱ्यांत दिवे जळत राहू नयेत.

हे कुणाकडे मागायचे? नेटवर्क २०१३ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्यात निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा खासगी वित्तसंस्थांचा होता. २०१८ मध्ये कौन्सिलने ही कंपनी पूर्ण सरकारी करायचे ठरवले, निम्मी केंद्राची आणि निम्मी राज्यांची. म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा या कंपनीचे मालकही आहेत, आणि सर्व राज्यांत सर्वाधिक जीएसटी गोळा होतो तो महाराष्ट्रात. आपल्या करसल्लागारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटना माझगावच्या जीएसटी भवनापासून दिल्लीपर्यंत निवेदने घेऊन जातात, त्यांतली बहुतेक एका ओळीची असतात: मुदत वाढवा. ती मागणी त्या त्या वेळी रास्तच असते. पण पुढच्या कौन्सिल बैठकीसाठी राज्याच्या अर्थमंत्र्यांच्या हाती एक वेगळा ठराव द्यावा: नव्वद दिवसांची अट, १० ते २४ चा संयम, दोषांची जाहीर नोंदवही आणि आपोआप मुदतवाढ, हे चारही जीएसटीच्या नियमांतच लिहावेत, आणि येत्या आर्थिक वर्षातल्या सर्व बदलांचे वेळापत्रक नेटवर्कने १ एप्रिलच्या आधी जाहीर करावे.